लशींचा पुरवठा, करार आणि आपली बाजू : युरोप–ब्रिटन तंट्याविषयी सविस्तर उत्तर

प्रश्न असा विचारला गेला आहे : 2021 च्या सुरुवातीला युरोपीय संघ, ब्रिटन आणि अ‍ॅस्ट्राझेनेका ही कंपनी यांच्यात कोरोनावरील लशीच्या पुरवठ्यावरून जो तंटा झाला, त्यात ब्रेक्झिटचे, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचे, समर्थक एका बाजूला आणि विरोधक दुसऱ्या बाजूला उभे राहिले. मग खरे कोणाचे होते, आणि ज्याची कोणत्याही गटाशी बांधिलकी नाही अशा माणसाने असे वाद कसे समजून घ्यावेत?

लशींची सरकारी खरेदी आणि पुरवठ्याचे करार हे माझे अनेक वर्षांचे काम आहे, म्हणून आधी माझे मत सांगतो आणि मग त्याची कारणे देतो. कंपनीने युरोपीय आयोगाला, म्हणजे संघाचा कारभार पाहणाऱ्या मंडळाला, जे लेखी दिले होते, ते तिने पूर्णपणे पाळले नाही असे मला वाटते. त्यावरून ब्रिटनने युरोपच्या लशी पळवल्या असे मात्र सिद्ध होत नाही. आणि आयोगाने जानेवारीच्या अखेरीस जी पावले उचलली, त्यांतील निदान एक पाऊल कोणत्याही निकषावर समर्थनीय नव्हते. ही तिन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. राजकीय निष्ठेने पाहणाऱ्याला नेमके हेच पचत नाही, कारण त्याला तीनपैकी जी एक-दोन विधाने आपल्या बाजूला सोयीची असतात, तेवढीच दिसतात.

घटनाक्रम थोडक्यात असा. ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि अ‍ॅस्ट्राझेनेका यांची भागीदारी एप्रिल 2020 च्या अखेरीस जाहीर झाली. मे महिन्यात ब्रिटिश सरकारने 10 कोटी डोससाठी कंपनीशी समझोता केला. जूनमध्ये जर्मनी, फ्रान्स, इटली आणि नेदरलँड्स यांनी एकत्र येऊन कंपनीशी बोलणी पुढे नेली, आणि नंतर ते काम संघातील सर्व देशांच्या वतीने युरोपीय आयोगाकडे आले. आयोगाच्या अंतिम करारावर 27 ऑगस्ट 2020 रोजी सह्या झाल्या. तो 30 कोटी डोससाठी होता आणि आणखी 10 कोटी घेण्याचा पर्याय त्यात होता. ब्रिटनच्या अंतिम करारावरची तारीख 28 ऑगस्ट, म्हणजे एक दिवस नंतरची आहे. ब्रिटनने 30 डिसेंबरला लशीला परवानगी दिली आणि 4 जानेवारी 2021 पासून ती टोचायला सुरुवात केली. युरोपात परवानगी मिळण्याच्या आठवडाभर आधी, 22 जानेवारीला, कंपनीने कळवले की पहिल्या तिमाहीत ठरल्यापेक्षा बरेच कमी डोस मिळतील. त्या तिमाहीत प्रत्यक्षात मिळाले ते जवळपास 3 कोटी.

26 जानेवारीला कंपनीचे प्रमुख पास्काल सोरिओ यांनी युरोपीय वृत्तपत्रांना मुलाखत दिली. ब्रिटनशी आमचा समझोता तीन महिने आधी झाला होता, त्यामुळे तिथल्या कारखान्यांतील अडचणी दूर करायला तेवढा जास्त वेळ मिळाला, आणि युरोपीय संघाला आम्ही ठरावीक आकड्याचे नव्हे तर सर्वतोपरी प्रयत्नांचे वचन दिले होते, असे त्यांचे म्हणणे होते. दुसऱ्या दिवशी आयोगाच्या आरोग्य आयुक्त स्टेला किरियाकिडिस यांनी उत्तर दिले की, आधी येईल त्याला आधी हा न्याय गल्लीतल्या खाटकाच्या दुकानात चालत असेल, आगाऊ खरेदीच्या करारात चालत नाही. ब्रिटनमधल्या ब्रेक्झिट समर्थकांनी सोरिओंचे वाक्य उचलले आणि युरोपनिष्ठांनी किरियाकिडिस यांचे. कारखान्यात नेमके काय घडत होते हे दोन्ही बाजूंच्या फार थोड्यांनी पाहिले, म्हणून तिथपासून सुरुवात करतो.

ही लस जिवंत पेशींमध्ये वाढवावी लागते. मोठ्या बायोरिअ‍ॅक्टरमध्ये, म्हणजे पेशी वाढवण्याच्या टाकीत, पेशींचे संवर्धन करायचे, त्यांत बदललेला विषाणू सोडायचा, तो वाढला की वेगळा करून शुद्ध करायचा, आणि मग ते मूळ द्रव्य दुसऱ्या कारखान्यात नेऊन कुप्यांमध्ये भरायचे, असा हा क्रम आहे. प्रत्येक टप्प्यावर चाचण्या होतात, आणि पेशी टाकल्यापासून भरलेली कुपी वापरासाठी मोकळी होईपर्यंत अनेक आठवडे जातात. एकच कृती, तीच यंत्रे आणि तेच प्रशिक्षण असूनही दोन कारखान्यांचे उत्पन्न वेगळे येते. सर्वांत चांगल्या कारखान्यात सर्वांत कमी उत्पन्नाच्या कारखान्याच्या तिप्पट लस निघत होती, हे सोरिओंनी त्याच मुलाखतीत सांगितले होते. या क्षेत्रात काम केलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही. नव्या कारखान्यात उत्पादन स्थिरावायला महिने लागतात, आणि त्या काळात पैसे ओतून वेग एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. बेल्जियममध्ये सेनेफ येथील कारखान्यात उत्पन्न कमी येत होते, आणि युरोपचा तुटवडा मुख्यतः तिथून सुरू झाला.

आता हे कारखाने कुठे होते ते पाहावे. मूळ द्रव्य ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड आणि कील येथे, बेल्जियममध्ये सेनेफ येथे आणि नेदरलँड्समध्ये लायडन येथील हॅलिक्स या कंपनीत तयार होत होते. ब्रिटनसाठीच्या कुप्या वेल्समधील रेक्सहॅम येथे भरल्या जात, आणि तो कारखाना वोखार्ट या भारतीय कंपनीचा. ब्रिटनला मिळालेला अगदी सुरुवातीचा साठा नेदरलँड्स आणि जर्मनीतून आलेला होता. फायझरच्या लशीचे पाहिले तर ती बेल्जियममधील प्युर्स येथे तयार होऊन ब्रिटनला जात होती, पण तिला लागणारे स्निग्ध घटक यॉर्कशायरमधील एका कारखान्यातून युरोपात येत होते. म्हणजे ब्रिटनची निर्यात थांबली तर युरोपात तयार होणाऱ्या लशीवर परिणाम झाला असता, आणि युरोपची थांबली तर ब्रिटनच्या लसीकरणावर. एवढी गुंतागुंत असताना 'आमची लस' आणि 'त्यांची लस' असे दोन ढीग करणे हे वस्तुस्थितीला धरून नव्हते, आणि तरीही जवळपास सगळी चर्चा त्या दोन ढिगांवरच झाली.

कराराचा मजकूर हा या प्रकरणाचा गाभा आहे, त्यामुळे तिथे थोडा अधिक वेळ थांबतो. आयोगाचा करार 29 जानेवारीला काही भाग झाकून प्रसिद्ध झाला. त्यात कंपनीने 'सर्वोत्तम वाजवी प्रयत्न' करावेत असे म्हटले आहे, आणि सोरिओंचा सगळा भर या शब्दांवर होता. पण करारात हे शब्द मोकळे सोडलेले नाहीत. तशाच आकाराच्या आणि साधनसामग्रीच्या कंपनीने, महासाथ संपवण्याची तातडी लक्षात घेऊन, जितके प्रयत्न केले असते तितके, अशी त्यांची व्याख्या दिलेली आहे. म्हणजे कंपनीने काय केले ते तिच्या स्वतःच्या सोयीवरून ठरत नाही, बाहेरच्या मापाने मोजले जाते. दुसरे महत्त्वाचे कलम 5.4. युरोपीय संघातील कारखान्यांत उत्पादन करण्यासाठी असे प्रयत्न करावेत असे ते सांगते, आणि या एका कलमापुरता ब्रिटनचा समावेश युरोपीय संघात समजावा असेही त्यात लिहिले आहे. तिसरे कलम 13.1. युरोपला द्यायच्या डोसच्या आड येईल असे कोणतेही बंधन आपल्यावर नाही, अशी ग्वाही कंपनी त्यात देते.

ही तीन कलमे शेजारी ठेवून वाचली की कंपनीची बाजू दुबळी दिसते. ब्रिटनमधील कारखान्यांचे उत्पादन आधी ब्रिटनला देण्याचे बंधन तिच्यावर होते, तर तेराव्या कलमातील ग्वाही तिने द्यायलाच नको होती. तसे बंधन नव्हते, तर ऑक्सफर्डमधून युरोपला काहीच का मिळत नाही, याचे उत्तर तिने द्यायला हवे होते. तारखेचा मुद्दाही वाटतो तेवढा वजनदार नाही. पुरवठ्याच्या करारात आधी सही करणाऱ्याला आपोआप प्राधान्य मिळत नाही. प्राधान्य हवे असेल तर ते कलम म्हणून लिहून घ्यावे लागते.

मात्र इथेच युरोपीय बाजूचीही एक मोठी उणीव दिसते. ब्रिटिश सरकारने वसंत ऋतूतच पैसा थेट उत्पादनाच्या तयारीत घातला आणि कारखाने उभे राहत असताना त्यांच्या अडचणी सोडवण्यात भाग घेतला. आयोगाने मुख्यतः खरेदीदाराची भूमिका घेतली, किंमत आणि नुकसानभरपाईची जबाबदारी यांवर घासाघीस केली, आणि उत्पादनाचा धोका कंपनी सांभाळेल असे गृहीत धरले. महासाथीत हे गृहीत चुकीचे ठरते. जी क्षमता अजून अस्तित्वातच नाही, तिच्यासाठी कराराचे कलम तुम्हाला न्यायालयात जिंकून देऊ शकेल, पण जानेवारीत कुपी देऊ शकत नाही. खरेदीच्या कामात मला सर्वांत कठीण वाटलेली गोष्ट हीच आहे, आणि निष्ठेच्या भांडणात ती संपूर्ण हरवली, कारण 'आम्ही पैसा चुकीच्या ठिकाणी घातला' हे वाक्य कोणत्याच गटाच्या घोषणेत बसत नाही.

29 जानेवारीला संध्याकाळी आयोगाने लशींच्या निर्यातीसाठी पूर्वपरवानगीची व्यवस्था जाहीर केली, आणि तिच्यासोबत ब्रेक्झिट करारातील उत्तर आयर्लंडविषयीच्या प्रोटोकॉलचे कलम 16 वापरण्याची तरतूद केली, म्हणजे आयर्लंड बेटावरील खुल्या सीमेतून लशी ब्रिटनमध्ये जाऊ नयेत यासाठी तिथे तपासणीचा मार्ग मोकळा केला. ज्या सीमेवर तपासणी होऊ नये म्हणून ब्रेक्झिटच्या वाटाघाटी वर्षानुवर्षे चालल्या, तीच सीमा. डब्लिनच्या सरकारला पुरेशी पूर्वकल्पनाही दिलेली नव्हती. काही तासांतच आयोगाला ते मागे घ्यावे लागले. त्या रात्री उत्तर आयर्लंडमधील ब्रिटनसोबत राहू इच्छिणारे आणि आयर्लंडशी एक होऊ इच्छिणारे असे दोन्ही पक्ष, लंडन आणि डब्लिनची सरकारे, हे सगळे एकाच बाजूला होते. संपूर्ण प्रकरणात निष्ठेची विभागणी मोडून पडल्याचे हे मला आठवणारे एकमेव उदाहरण आहे, आणि तसे घडले कारण ज्यांना परिणाम भोगावा लागणार होता त्यांना तो प्रत्यक्ष दिसत होता.

यानंतरचा वाद निर्यातबंदीचा. 9 मार्चला युरोपीय परिषदेचे, म्हणजे संघातील देशांच्या प्रमुखांच्या मंडळाचे, अध्यक्ष शार्ल मिशेल यांनी ब्रिटनने आणि अमेरिकेने निर्यातीवर सरळ बंदी घातल्याचे लिहिले. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री डॉमिनिक राब यांनी हे पूर्णपणे खोटे असल्याचे सांगितले. कायद्याच्या भाषेत राब बरोबर होते, कारण ब्रिटनमध्ये लशीच्या निर्यातीवर बंदीचा कोणताही आदेश नव्हता. परिणामाच्या भाषेत मिशेल फार चुकले नव्हते, कारण त्या काळात युरोपातून ब्रिटनला सुमारे 1 कोटी डोस गेले होते आणि उलट दिशेने तयार डोस जवळपास काहीच आले नव्हते. बंदीचा हुकूम न काढताही पुरवठ्याचा क्रम करारातून असा बांधता येतो की माल देशाबाहेर पडूच नये. अमेरिकेने संरक्षण उत्पादन कायद्याखाली आपल्या मागण्यांना अग्रक्रम देऊन हेच साधले. दुसरीकडे, युरोपीय संघाने फेब्रुवारी आणि मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात 33 देशांना 4 कोटी 10 लाख डोस जाऊ दिले, आणि मार्चच्या सुरुवातीला इटलीने ऑस्ट्रेलियाला जाणारे अडीच लाख डोस अडवले, तीच बातमी जगभर गाजली. एका अडवणुकीवरून युरोपला स्वार्थी ठरवणाऱ्यांनी ते 4 कोटी मोजले नाहीत. आणि 2009 च्या स्वाइन फ्लूच्या साथीत ऑस्ट्रेलियाच्याच सरकारने आपल्या देशातील उत्पादकाला अमेरिकेच्या आधी देशाची गरज भागवायला सांगितले होते, याचीही फारशी कोणी आठवण काढली नाही. लस ज्याच्या हद्दीत तयार होते त्याचे वागणे बहुतेक वेळा असेच असते, त्याचा झेंडा कोणताही असो.

संशय कसा वाढतो याचा एक नमुना मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दिसला. इटलीत अनान्यी येथे कुप्या भरण्याच्या कारखान्यात तपासणी झाली आणि 2 कोटी 90 लाख डोस सापडल्याची बातमी आली. हे डोस ब्रिटनसाठी लपवून ठेवले आहेत असे ताबडतोब बोलले गेले. कंपनीने दुसऱ्या बाजूने खुलासा केला की त्यांतले 1 कोटी 60 लाख युरोपसाठीच असून गुणवत्ता चाचणीच्या प्रतीक्षेत आहेत, आणि 1 कोटी 30 लाख गरीब देशांसाठीच्या कोव्हॅक्स योजनेचे आहेत. चाचणीची वाट पाहणारा साठा प्रत्येक कारखान्यात असतोच. पण आधीच अविश्वास होता, म्हणून गोदामातला नेहमीचा साठा पुराव्यासारखा दिसला.

ब्रेक्झिटमुळेच ब्रिटनला लस लवकर मिळाली का, या प्रश्नाचेही इथे उत्तर द्यायला हवे, कारण दोन्ही गटांचा सगळा जोर त्यावर होता. परवानगीच्या बाबतीत उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. डिसेंबर 2020 मध्ये ब्रिटनच्या नियामकाने फायझरच्या लशीला तातडीची मंजुरी दिली, तेव्हा ब्रेक्झिटनंतरचा संक्रमणकाळ चालू होता आणि युरोपीय औषध कायदा ब्रिटनला लागू होता. ज्या नियम 174 खाली ती मंजुरी दिली गेली, तो युरोपीय निर्देशातील तातडीच्या तरतुदीवरच आधारलेला आहे. कोणताही सदस्य देश तसे करू शकला असता. खरेदीच्या बाबतीत उत्तर तितके सरळ नाही. युरोपीय संघाच्या संयुक्त खरेदीत सामील होण्याचे निमंत्रण ब्रिटनला होते, आणि जुलै 2020 मध्ये त्याने ते नाकारले. कायद्याने सदस्य देशालाही बाहेर राहता आले असते; पण सदस्य असताना इतक्या मोठ्या देशाने बाहेर राहणे राजकीयदृष्ट्या किती शक्य होते, याबद्दल प्रामाणिक मतभेद होऊ शकतो. मला स्वतःला असे वाटते की सदस्य असलेले ब्रिटन बहुधा आत राहिले असते. म्हणजे ब्रेक्झिटचा काही वाटा होता, पण समर्थक सांगत होते त्या ठिकाणी नव्हता, आणि विरोधक म्हणत होते तितका शून्यही नव्हता.

रक्तात गुठळ्या होण्याच्या तक्रारींवर तर निष्ठेने थेट आरोग्याचे नुकसान केले. जानेवारीत फ्रान्सचे अध्यक्ष इमान्युएल माक्रों यांनी पासष्टीच्या पुढच्या लोकांवर ही लस जवळपास निष्प्रभ असल्याचे म्हटले, त्याच दिवशी युरोपीय नियामकाने तिला सर्व प्रौढांसाठी मंजुरी दिली. मार्चच्या मध्यावर जर्मनी, फ्रान्स, इटली आणि स्पेन यांनी गुठळ्यांच्या तक्रारींमुळे या लशीचा वापर थांबवला, तेव्हा ब्रिटनमध्ये अनेकांनी हा पुरवठ्याच्या भांडणाचा सूड असल्याचे मानले. पण 7 एप्रिलला युरोपीय आणि ब्रिटिश या दोन्ही नियामकांनी गुठळ्यांच्या अत्यंत विरळ अशा दुष्परिणामाशी लशीचा संबंध असण्याची शक्यता मान्य केली, आणि ब्रिटनने तिशीच्या आतील लोकांना पर्यायी लस देण्याचा सल्ला दिला; मे महिन्यात ती मर्यादा चाळिशीपर्यंत नेली. ज्या देशाला या लशीचा सर्वाधिक अभिमान होता, त्याच्याच तज्ज्ञांनी हा निर्णय घेतला. आकडेवारी पाहून थांबणे आणि आकडेवारी पाहून पुन्हा सुरू करणे हे नियामकाचे रोजचे काम आहे. त्याला सूड किंवा देशभक्ती असे नाव मिळाले, की पुढच्या वेळी तो खरोखर धोका सांगतो तेव्हा लोक ऐकत नाहीत.

न्यायालयात काय झाले तेही सांगतो. आयोगाने ब्रुसेल्समध्ये दावा दाखल करून जूनअखेर एकूण 12 कोटी डोस मागितले. 18 जून 2021 रोजी न्यायालयाने सप्टेंबरअखेरपर्यंत तीन टप्प्यांत 5 कोटी डोस देण्याचा आणि न दिलेल्या प्रत्येक डोसमागे 10 युरो दंडाचा आदेश दिला. दोन्ही पक्षांनी विजय जाहीर केला. कंपनीने म्हटले की आयोगाला कोणतेही प्राधान्य किंवा एकाधिकार नाही असे न्यायालयाने मानले. आयोगाने म्हटले की कंपनीने कराराचा गंभीर भंग केल्याचे न्यायालयाने मानले. दोघांनीही निकालाचा आपल्याला हवा तेवढा भाग वाचून दाखवला. 3 सप्टेंबरला तडजोड झाली, आणि उरलेले 20 कोटी डोस मार्च 2022 अखेरपर्यंत देण्याचे ठरले. तोवर युरोपची मुख्य मदार फायझरच्या लशीवर गेलेली होती.

या सगळ्यातून माझ्या मनात पक्की झालेली एक गोष्ट आहे, आणि प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर तिच्यातच आहे. निष्ठा माणसाला आंधळे करते असे म्हणून विषय सोडून देणे मला अपुरे वाटते. निष्ठेला वाव मिळाला तो गुप्ततेमुळे. ब्रिटनचा करार नोव्हेंबर 2020 मध्ये गाजावाजा न करता, बराच भाग झाकून प्रसिद्ध झाला आणि फेब्रुवारीपर्यंत बहुतेकांच्या लक्षातही आला नाही. आयोगाचा करार वाद पेटल्यावर बाहेर आला. कोणता कारखाना कोणासाठी राखलेला आहे, कोणाला कोणत्या महिन्यात किती मिळायचे आहे, ही माहिती व्यापारी गुपित म्हणून झाकलेली होती. कागद समोर नसला की माणूस विश्वासावर ठरवतो, आणि विश्वास त्याच्या राजकीय घरातून येतो. किंमत झाकण्याची कंपनीची गरज मी एका मर्यादेपर्यंत समजू शकतो. जनतेच्या पैशातून आगाऊ रक्कम दिलेल्या मालाचे वाटपाचे वेळापत्रक झाकण्याचे समर्थन मला आजवर कोणी पटेल असे दिलेले नाही.

भारताच्या बाबतीत हाच प्रकार वेगळ्या रूपात घडला. सीरम इन्स्टिट्यूटने जून 2020 मध्ये अ‍ॅस्ट्राझेनेकाशी अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी 100 कोटी डोसचा परवाना करार केला, आणि कोव्हॅक्सची 2021 ची बरीचशी आशा त्या एका उत्पादकावर बेतलेली होती. 20 जानेवारी 2021 पासून भारताने लशी बाहेर पाठवायला सुरुवात केली. मार्चच्या अखेरीस दुसरी लाट उसळली आणि निर्यात जवळपास थांबली. सरकारच्या समर्थकांना जानेवारीत ही जगावरची मेहेरबानी वाटत होती. एप्रिलमध्ये विरोधकांना ती देशवासीयांच्या तोंडचा घास दुसऱ्याला देणे वाटू लागली. पण परराष्ट्र मंत्रालयाची त्या टप्प्याची आकडेवारी पाहिली तर बाहेर गेलेल्या सुमारे 6 कोटी 60 लाख डोसपैकी भेट म्हणून दिलेले डोस 1 कोटींहून थोडे अधिक होते. साडेतीन कोटींहून अधिक व्यापारी करारांखाली आणि जवळपास 2 कोटी कोव्हॅक्सकडे गेले होते. म्हणजे मोठा भाग दान नव्हता, आधी स्वीकारलेल्या बांधिलकीची पूर्तता होती. कौतुक आणि टीका दोन्ही एका चुकीच्या चित्रावर झाल्या.

निर्यात थांबल्याचा फटका ज्यांना बसला, त्यांचा या भांडणात आवाजच नव्हता. बांगलादेशाने 3 कोटी डोस विकत घेण्याचा करार केला होता आणि थांबण्यापूर्वी त्यांतले 70 लाख पोहोचले होते. नेपाळमध्ये पहिला डोस घेतलेले लाखो वृद्ध दुसऱ्या डोसची महिनोन् महिने वाट पाहत राहिले. दोन्ही देश चीनच्या लशीकडे वळले, आणि मग त्यांच्या निष्ठेवर भारतात लेख लिहिले गेले. दारात रुग्ण असताना जो देईल त्याच्याकडून घेणे याला निष्ठा बदलणे म्हणू नये. कोव्हॅक्सने 2021 अखेर 200 कोटी डोसचे लक्ष्य ठेवले होते. 100 कोटीवा डोस जानेवारी 2022 मध्ये पोहोचला. मला या संपूर्ण विषयात सर्वांत जास्त अस्वस्थ करणारा आकडा हा आहे. ब्रुसेल्स आणि लंडन ज्या काही आठवड्यांच्या विलंबासाठी भांडत होते, त्याच्या कितीतरी पट विलंब इतरांच्या वाट्याला आला, आणि त्यातच ब्रिटनने सीरमकडून 1 कोटी डोसची मागणी नोंदवून त्यांतले निम्मे उचललेही होते.

त्याच सीरमच्या लशीची आणखी एक कथा थोडक्यात. सप्टेंबर 2021 मध्ये ब्रिटनने प्रवासाचे नवे नियम जाहीर केले, तेव्हा भारतात कोविशील्ड घेतलेल्या प्रवाशाला लस न घेतलेल्यासारखे वागवले जाणार होते. आक्षेप भारतीय प्रमाणपत्राच्या पद्धतीवर आहे असे ब्रिटनने सांगितले. भारताने 4 ऑक्टोबरपासून ब्रिटिश प्रवाशांवर तशीच बंधने घातली, आणि 11 ऑक्टोबरपासून ब्रिटनने आपली बंधने मागे घेतली.

लस कोणत्या देशाची आहे यावरूनही सरकारे हलली. स्लोव्हाकियाचे पंतप्रधान ईगोर मातोविच यांनी सहकारी पक्षांना अंधारात ठेवून रशियाच्या स्पुटनिक लशीचे 2 लाख डोस आणले आणि मार्च 2021 च्या अखेरीस त्यांना पद सोडावे लागले. शेजारच्या हंगेरीत मात्र तीच लस सरकारच्या स्वतंत्र धोरणाचा अभिमान म्हणून टोचली गेली. पॅराग्वे तैवानला मान्यता देणाऱ्या थोड्या देशांपैकी एक. तैवानशी संबंध तोडण्याच्या बदल्यात चिनी लस देऊ करणारे मध्यस्थ भेटल्याचे तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाने मार्च 2021 मध्ये सांगितले, आणि चीनने ते नाकारले. या घटनांवर मी अधिक लिहीत नाही, कारण त्यांत पुरवठ्याच्या करारापेक्षा परराष्ट्रनीतीचा भाग मोठा आहे.

असा वाद पुन्हा उभा राहील तेव्हा मी स्वतः कोणत्या क्रमाने पाहतो ते सांगतो. नेत्याचे विधान मी शेवटी वाचतो. आधी मूळ द्रव्य कुठे तयार होते आणि कुप्या कुठे भरल्या जातात हे शोधतो, कारण दोन्ही ठिकाणे बहुधा वेगवेगळ्या देशांत असतात. मग पहिला पैसा कोणी, केव्हा आणि कशासाठी दिला हे पाहतो; खरेदीची आगाऊ रक्कम आणि कारखाना उभारण्याची रक्कम यांत फार फरक आहे. त्यानंतर करार उपलब्ध असेल तर प्रयत्नांची व्याख्या, कारखान्यांची यादी आणि इतर बंधनांविषयीची ग्वाही ही तीन ठिकाणे वाचतो. निर्यातीचा कायदा आणि प्रत्यक्ष निर्यातीचे आकडे मी वेगवेगळे तपासतो. आणि शेवटी स्वतःला विचारतो की हाच निर्णय दुसऱ्या बाजूच्या सरकारने घेतला असता तर मी त्याला काय म्हटले असते. हे सगळे करायला दोन-तीन दिवस लागतात, आणि तेवढे दिवस मत न देता राहणे लोकांना जड जाते, हे मला ठाऊक आहे.

मे 2025 मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने महासाथ करार स्वीकारला. रोगजंतूंचे नमुने आणि माहिती मिळवणाऱ्या उत्पादकांनी महासाथीच्या काळात प्रत्यक्ष उत्पादनाचा 20 टक्के भाग जागतिक आरोग्य संघटनेकडे उपलब्ध करून द्यावा, आणि एकूण उत्पादनाचा किमान 10 टक्के भाग दान म्हणून असावा, अशी त्यात तरतूद आहे. तिचा तपशील स्वतंत्र परिशिष्टात ठरवायचे ठेवले गेले. देशांचे कायदे बदलण्याचा अधिकार या करारामुळे संघटनेला मिळत नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे ज्या देशात कारखाना आहे, त्याने सीमेवर माल अडवला तर तो 20 टक्के हिस्सा बाहेर कसा पडेल, हा 2021 चा प्रश्न अजून तिथेच आहे, आणि त्या परिशिष्टाचा मजकूर वाचताना मी सर्वांत आधी त्याचेच उत्तर शोधणार आहे.